आशियाई बॅडमिंटन: एप्रिलची वैयक्तिक स्पर्धा धरावी की फेब्रुवारीची सांघिक?

दोन्हींसाठी रजा मिळत नाही, म्हणून हा प्रश्न पडतो. वैयक्तिक आशियाई अजिंक्यपद स्पर्धा दर वर्षी साधारण एप्रिलमध्ये असते. सांघिक स्पर्धा बहुधा फेब्रुवारीत होते. सम वर्षी पुरुष आणि महिलांचे वेगळे संघ खेळतात, विषम वर्षी मिश्र संघांची पाळी येते. मी दोन्ही पाहत आलो आहे आणि अलीकडे सांघिक स्पर्धेला पहिली पसंती देतो. तरी वैयक्तिक स्पर्धेची बाजू मोठी आहे, ती आधी सांगतो.

दर्जात तिला तोड नाही. युरोपातले मोजके खेळाडू वगळले तर जगातले बहुतेक अव्वल खेळाडू इथे एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या आराखड्यात, भिडतात. मुख्य स्पर्धेत गटसाखळी नाही, पहिल्या सामन्यापासून बाद फेरी. त्यामुळे सलामीलाच अशा जोड्या पडतात की दुसरीकडे तो उपांत्य सामना ठरावा. २०२२ साली मनिलात सिंधू आणि जपानची यामागुची यांचा उपांत्य सामना झाला. पहिला गेम सिंधूने २१-१३ असा घेतला होता, दुसऱ्यात ती १४-११ अशी पुढे होती आणि सर्व्हिसला उशीर केल्याबद्दल पंचांनी एक गुण यामागुचीला दिला. तिथून सामना फिरला. ती खंत अजून जात नाही, पण त्या तोडीचं बॅडमिंटन पाहायचं तर हीच स्पर्धा. इथल्या पदकाचं मोलही वेगळं. दिनेश खन्नांनी १९६५ साली लखनौला पुरुष एकेरी जिंकली, त्यानंतरचं आपलं सुवर्ण थेट २०२३ साली दुबईत आलं. पुरुष दुहेरीत सात्त्विक आणि चिराग पहिला गेम १६-२१ असा हरले आणि पुढचे दोन २१-१७, २१-१९ असे काढले.

मग माझं मन कुठे अडलं? एकाच गोष्टीवर. सुरुवातीच्या दिवसांत अनेक कोर्टांवर सामने एकदम चालतात. कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या सामन्याची वेळ पक्की असते, पुढच्यांपुढे फक्त ‘त्यानंतर’. एखादा सामना तिसऱ्या गेममध्ये गेला, त्यात लांबलचक रॅली झाल्या की त्या कोर्टाचं पुढचं सगळं गणित बिघडतं. तासन्‌तास वाट पाहायची आणि नेमका एका कोर्टावर आपला एकेरीचा खेळाडू उतरतो, तेव्हाच दोन कोर्टं पलीकडे आपली दुहेरीची जोडी सर्व्हिस करत असते. टाळ्या ऐकू आल्या म्हणून मान तिकडे वळवावी, तर इकडे नेटला लागून शटल अलगद पलीकडे पडलेलं आणि गेम संपलेला. घरी पडद्यावर पाहतानाही सुटका नाही, या कोर्टावरून त्या कोर्टावर उड्या मारण्यात दोन्ही सामने अर्धेमुर्धेच पदरात पडतात. त्यातून आपली माणसं गुरुवारपर्यंत हरली, तर शेवटचे दिवस खेळ उत्तम असतो पण जीव टांगणीला लागत नाही. हे कदाचित मलाच जास्त खुपत असेल. निव्वळ खेळासाठी बघणाऱ्याला फरक पडणार नाही.

सांघिक स्पर्धेत हा त्रास जवळपास नाहीच. दोन संघांच्या एका लढतीचे पाच सामने, सम वर्षी तीन एकेरी आणि दोन दुहेरी, सहसा एकाच कोर्टावर एकामागून एक होतात. जागा धरून बसलं की आपलं काहीही निसटत नाही. कोर्टालगत अख्खा संघ बसलेला असतो, प्रत्येक गुणाला उठून ओरडतो, आणि रॅकेट हातात असणारीच्या चालण्यातसुद्धा ते दिसतं.

२०२४ ची मलेशियातल्या शाह आलमची महिला स्पर्धा घ्या. अंतिम लढत थायलंडशी. सिंधू जिंकली, मग दुहेरीत ट्रीसा-गायत्री जिंकल्या, २-०. पुढचे दोन्ही सामने गेले, २-२. शेवटच्या एकेरीला सतरा वर्षांची अनमोल खरब उतरली, जागतिक क्रमवारीत ४७२ वी. समोरची पोर्नपिचा पहिल्या पन्नासातली. अनमोलने २१-१४, २१-९ असा निकाल लावला आणि सगळा संघ धावत कोर्टावर आला. चीन आणि जपानविरुद्धही निर्णायक सामना तिनेच काढला होता. त्या क्रमवारीवर वैयक्तिक स्पर्धेच्या मुख्य ड्रॉमध्ये तिचं नाव दिसणंही कठीण होतं. अशी मुलगी आपल्याला सांघिक स्पर्धेतच भेटते.

उणिवा आहेतच. मोठे देश कधी कधी पहिली फळी घरी ठेवतात. शाह आलमला चीनच्या संघात हान युए होती, त्यांची अव्वल खेळाडू चेन युफेई नव्हती. गटात ३-० झालं तरी उरलेले दोन सामने खेळवले जातात, ते जरा सैल वाटतात. लहान संघांशी होणाऱ्या लढती एकतर्फी होतात, त्या मी सोडून देतो. बाद फेरीत मात्र तिसरा सामना जिंकला की लढत संपते, त्यामुळे तिथे प्रत्येक गेमला वजन असतं.

एकेरीच तुमचा जीव की प्राण असेल, किंवा लेकीला जगातल्या पहिल्या आठजणींचं फूटवर्क जवळून दाखवायचं असेल, तर वैयक्तिक स्पर्धा घ्या, पण उपांत्यपूर्व फेरीपासून पुढची. तिथे कोर्टं कमी होतात आणि माझी तक्रारही फारशी उरत नाही. पूर्ण आठवडा देणार असाल आणि मन आपल्या संघात गुंतलेलं असेल, तर मी फेब्रुवारीच सुचवेन. रजा तोडून घ्यावी लागली, तर गटातला बलाढ्य संघाविरुद्धचा एक दिवस आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचं सगळं, एवढं तरी राखून ठेवा.