मानेच्या जुन्या दुखण्यावर फिजिओथेरपी: काही महिन्यांनंतर काय कामाला आलं, काय नाही

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. मानदुखीवर फिजिओथेरपी म्हणून पुण्यात जे जे मिळतं, त्यातलं बरंचसं मी घेऊन पाहिलं. मशिनांनी त्या त्या दिवशीची संध्याकाळ बरी गेली. महिने बरे गेले ते व्यायामाने, आणि तो व्यायामही असा की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई नुसती लोळतेय.

माझी नोकरी शिवाजीनगरला, कर सल्लागाराच्या ऑफिसात. दिवसभर लॅपटॉप. महिन्याची २० तारीख जवळ आली की जीएसटीच्या रिटर्नपायी जेवणसुद्धा स्क्रीनसमोरच. उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत सतत ओढ असायची, आणि सकाळी मागे बघायचं तर मानेऐवजी अख्खं अंग वळवावं लागायचं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हाताची ताकद, मुंग्या, रिफ्लेक्स सगळं तपासलं आणि नस दबलेली नाही, दुखणं स्नायूंचं आहे, असं सांगून फिजिओकडे धाडलं. एक्स-रेच्या रिपोर्टात मानेचा बाक कमी झाल्याचा शेरा होता. तेवढ्यावर घरात 'स्पॉन्डिलायटिस' जाहीर झाला. मान कधीच न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही हा शेरा सापडतो, हे डॉक्टरांनी समजावलं, पण सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

पहिलं सेंटर घराजवळचं, कोथरूडमधलं. नाव घेत नाही. तिथे आधी पॅकेजचे पैसे, मग उपचार. गेलं की गरम पॅकचा शेक, मग आयएफटीच्या, म्हणजे सौम्य करंट देणाऱ्या मशिनच्या, चार चकत्या, शेवटी जेल लावून अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार). लावून देणारी मुलगी टायमर लावायची आणि पडद्याआड नाहीशी व्हायची. कुठे दुखतं ते बोटाने दाबून कोणी पाहिलं नाही. व्यायाम म्हणून एक झेरॉक्स कागद दिला, त्यातली चित्रंही फिकट. मध्येच थांबले तर 'रिफंड नाही मॅम, पॅकेज घरातल्या कुणाच्या नावावर करून देतो'. ते शेवटी सासऱ्यांच्या गुडघ्यावर संपलं.

करंट मात्र थोतांड नाही. आयएफटी काय किंवा घरी वापरायचं टेन्स काय, त्वचेवरच्या संवेदनेची गर्दी करून दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडवायचा, अशी त्यामागची कल्पना. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या 'गेट' सिद्धांतावर ती उभी आहे. म्हणूनच मशीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने दुखणं परत हजर. तेवढ्या वेळात व्यायाम उरकून घेता आला तर त्याचा उपयोग, नुसतं पडून राहायला नाही. पेसमेकर असलेल्यांनी यापासून लांबच राहावं. अल्ट्रासाउंडचं म्हणाल तर गार जेलपलीकडे मला काही जाणवलं नाही, आणि मानदुखीत त्याच्या बाजूने पुरावाही कच्चाच आहे.

दुसऱ्या खेपेला कर्वे रस्त्यावर एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स, झालेल्या एक मॅडम मिळाल्या. पहिला अख्खा तास तपासण्यात गेला. मान कुठपर्यंत वळते, खांदा उचलताना कोणता स्नायू आधी आवळतो, हे सगळं त्यांनी पाहिलं. मग खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर अंगठा रोवला आणि माझं दुखणं थेट कानामागे उमटलं. मी ओरडलेच. 'हा लेव्हेटर स्कॅप्युली, फरा वर उचलणारा स्नायू. दिवसभर खांदे उचलून टाइप करता ना?' करत होतेच.

स्नायूतल्या अशा आवळलेल्या गाठींवर त्यांनी हाताने दाब दिला, आणि काही वेळा ड्राय नीडलिंग केलं. सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, आत औषध काही नाही. टोचताना कळत नाही. गाठीला लागली की मात्र स्नायू आतून टचकन उडतो, तो प्रकार विचित्र आहे. त्या रात्री मान जड, दुसऱ्या दिवशी मोकळी. पण हेही काही दिवसांपुरतंच, असं त्या स्वतःच म्हणाल्या. खांद्याच्या त्या भागाखाली फुप्फुसाचं वरचं टोक असतं, त्यामुळे शिकलेल्या हाताशिवाय ही सुई घेऊ नका.

खरं काम झालं ते बीपी मोजायच्या पट्ट्यावर. उताणं झोपायचं, पट्टा घडी करून मानेखाली, हवा भरून काटा २० वर. मग 'हो' म्हणताना हलवतो तितपतच हनुवटी आत घ्यायची, काटा २२ वर आणायचा आणि दहा सेकंद तिथेच धरायचा. डोकं उचलायचं नाही, दात आवळायचे नाहीत. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण माझा काटा थरथरत होता. मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू कामच करत नव्हते आणि त्यांचा भार मागचे बिचारे वाहत होते. हळूहळू २४, २६ करत काटा ३० पर्यंत न्यायचा. पुढे रबरी पट्ट्याने फरे मागे ओढायचे व्यायाम आले. फरक जाणवायला दीड-दोन महिने गेले. तोवर दर आठवड्याला 'काही होत नाहीये' हे माझं पालुपद चालू होतं.

ट्रॅक्शन, म्हणजे मान ताणून धरायचा उपचार, मी मागून पाहिलं. मॅडमनी नकार दिला: हाताकडे कळ उतरत असेल तर विचार करू, नुसत्या स्नायूंना त्याचं काय काम? मानेच्या कॉलरलाही नाहीच म्हणाल्या. ती सतत लावली की स्नायू आणखी सुस्तावतात.

ऑफिसात वेगळा कीबोर्ड घेतला आणि लॅपटॉप आयकर कायद्याच्या जुन्या आवृत्त्यांवर चढवला. दरवर्षी नवी आवृत्ती घ्यावी लागतेच, जुनी निदान उभी तरी आहे. दुचाकी, हेल्मेट आणि पौड रस्त्याचे खड्डे टाळून आनंदनगरहून मेट्रोने जाते, त्याचाही हातभार असणार, किती ते सांगता येत नाही. महागडी सर्व्हायकल उशी परत केली. जुन्याच उशीची उंची कमी केल्यावर झोप लागली.

खर्च: पॅकेजवाल्यांपेक्षा मॅडमची एकेका वेळची फी जास्त, पण जावं लागलं कमी वेळा. आता महिन्यातून एकदा, तेही व्यायाम वाढवून घ्यायला. तुम्ही शोधत असाल तर बीपीटी किंवा एमपीटी पदवी आणि राज्य कौन्सिलची नोंदणी विचारा. पहिल्याच दिवशी तपासणीआधी पॅकेज पुढे आलं तर उठा. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. आणि हातात बधिरपणा, वस्तू निसटणं, चालताना तोल जाणं, ताप किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही असेल तर फिजिओच्या आधी डॉक्टर.

२० तारखेच्या आठवड्यात अजूनही संध्याकाळी खांदा भरून येतो, पण गोळी लागत नाही. ओळखीतले सगळे आता 'मॉडेल कॉलनीत अय्यंगारांच्या संस्थेत जा' म्हणतायत. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, जरूर जा, शिक्षकांना मानेचं आधी सांगा, आणि शीर्षासन इतक्यात नको. रिटर्नचा हंगाम आटोपला की चौकशी करणार आहे.