सेनहायझर एचडी ६००: हेडफोनबरोबर अँप्लिफायरचाही (अँप) हिशेब धरा

मोबाइलसोबत मिळालेल्या इअरफोनवरून थेट यावर आलात, तर फरक आधी तानपुऱ्यात कळतो. मागची नुसती गुणगुण जाऊन जोडाच्या तारा, खर्ज आणि जवारीची झणक वेगवेगळी ऐकू येते. तबल्याच्या चाटीची किनार लख्ख येते. डग्ग्याचा घुमारा मात्र अगदी खालच्या पट्टीत विरळ होतो. दणदणीत बास हवा असेल तर हा घेऊ नका.

खरी अडचण ३०० ओहम इम्पिडन्सची, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला करतो त्या विरोधाची. फोनच्या डोंगलमधून (हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरमधून) १ व्होल्ट मिळाला, तरी हेडफोनपर्यंत जेमतेम ३ मिलिवॅट पोचतात. सिनेमाची गाणी निभावतात, पण हळू रेकॉर्ड झालेल्या मैफलीत आवाज पूर्ण चढवूनही कमीच पडतो. ३-४ व्होल्ट देणारा साधा अँप घ्या, महागड्या केबलवर पैसे घालवू नका.

मागची बाजू उघडी असल्याने पंखा, शेजारचा टीव्ही सगळं आत येतं. लोकलमध्ये निरुपयोगी.

मखमली गाद्या दबल्या की कान ड्रायव्हरजवळ (आतल्या छोट्या स्पीकरजवळ) सरकतो आणि आवाजाचा तोल बिघडतो. गाद्या बदलता येतात. एका बाजूचा आवाज गेला, तर आधी त्या कपातली दोन पिनांची केबल काढून पुन्हा घट्ट बसवून पाहा.