तोरेस दे सेर्रानोस, व्हॅलेन्सिया: गुडघे साथ देत असतील तर चुकवू नका

पाचापैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो पायऱ्यांसाठी.

लेक स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात नोकरीला आहे म्हणून आमचं जाणं झालं. जुन्या गावठाणाच्या उत्तरेला नदीकडे तोंड करून हे दोन जोडबुरूज उभे आहेत, मधे कमानीचा दरवाजा. पेरे बालागेर नावाच्या पाथरवटाने 1392 ते 1398 या काळात बांधलेले. लढाईसाठी होतेच, पण पाहुण्याने गावात शिरतानाच दबून जावं हाही हेतू स्पष्ट दिसतो. दरवाजावर दगडात इतकी नाजूक जाळी कोरली आहे की तोफा डागायला आलेला माणूसही आधी घटकाभर बघत राहील.

"बुरूज आहेत, मग तट कुठंय?" आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न. गडकिल्ले फिरलेल्या माणसाला तो पडणारच. तट 1865 मध्ये पाडला. शहराला जागा हवी होती, बेकार मजुरांच्या हाताला काम हवं होतं. बारा दरवाजांपैकी आता हा आणि कुआर्तचा, असे दोनच मोठे दरवाजे उरलेत, कारण दोन्हींत तेव्हा कैदी होते! इथे 1586 पासून 1887 पर्यंत सरदार-उमरावांचा तुरुंग होता. एरवी हेरिटेज वगैरे म्हणून कुणी वाचवलं असतं असं मला तरी वाटत नाही.

समोरून फोटो काढून निघून जाणारे पुष्कळ दिसले. तसं करू नका. खरी मजा मागे, गावाच्या अंगाला आहे. तिथे भिंतच नाही! बाहेरून चिरेबंदी आणि आतून सगळे मजले उघडे, कमानींसकट. शत्रूने बुरूज घेतलाच तरी त्याला गावाकडून आडोसा मिळू नये म्हणून असं केलं, असं सांगतात. तुरुंग होता तेव्हा या कमानी बुजवल्या होत्या, नंतरच्या डागडुजीत पुन्हा मोकळ्या केल्या.

आता माझ्या आवडीची गोष्ट. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिथल्या प्राडो संग्रहालयातली चित्रं इथे आणून ठेवली होती, वेलाझकेझ, गोया यांची. त्यासाठी आत 90 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घातला आणि वरून काही कोसळलं तर दणका झेलायला त्यावर मीटरभर थर पसरला भाताच्या तुसाचा. हे ऐकून मी तिथेच थबकले. माझं माहेर भोर तालुक्यातलं, वडिलांची भाताची गिरण होती. गिरणीमागचा तुसाचा ढीग म्हणजे आमची घसरगुंडी, संध्याकाळी अंग खाजून खाजून लाल, वर आईचा मार. वीटभट्टीवाले तो न्यायला यायचे. पण तूस दबतो, पुन्हा फुगतो, दणका खातो, हे गिरणीवाल्याच्या पोरीला कुणी सांगायला नको. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला आल्बुफेराची भातखाचरं पसरलेली, म्हणजे तुसाला तोटा नाही. ज्याला हे सुचलं त्याला माझा दंडवत. लेकीला म्हटलं, तुझ्या आजोबांना हे ऐकायला हवं होतं.

पायऱ्या मात्र दगडी, उंच, काही झिजलेल्या. लिफ्ट नाही. "आई, उतरताना भिंतीच्या बाजूने ये," लेक सारखी बजावत होती, ते योग्यच होतं. चपला घालून जाऊ नका. गुडघ्याचं दुखणं असेल तर पहिल्या मजल्यावरच्या कमानींखाली बसा, तेवढ्यानेही पैसे वसूल. दुपारी वर सावलीचं नाव नाही, टोपी न्या.

गच्चीवरून एकीकडे जुन्या गावाची कौलं आणि कॅथेड्रलचा घंटेचा मनोरा, दुसरीकडे तुरिया नदी. म्हणजे नदीचं पात्र. 1957 च्या महापुरानंतर त्यांनी नदीच गावाबाहेरून वळवली आणि रिकाम्या पात्रात काही किलोमीटर लांब बाग केली. पानशेतनंतर आम्ही मुठेच्या पात्रात काय केलं ते पुणेकरांना ठाऊक आहे, इथे नको.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी फाय्यास या गावच्या मोठ्या उत्सवाची दवंडी याच दरवाजावरून देतात, तेव्हा समोर पाय ठेवायला जागा नसते म्हणे. बुरूज निवांत बघायचे असतील तर तो दिवस टाळा.

आम्हाला तिकीट माणशी दोन युरो पडलं. तेव्हा रविवारी फुकट होतं, पण त्या दिवशी दुपारीच बंद करत, म्हणून रविवारी जायचं तर सकाळी जा. मग चालत कुआर्तच्या बुरुजांकडे वळा. 1808 साली फ्रेंचांनी मारलेल्या तोफगोळ्यांचे खड्डे तिथल्या दर्शनी भिंतीवर अजून तसेच आहेत, आणि ते बघायला तर जिनाही चढावा लागत नाही.