वाट पुन्हा आठवताना: हेडसेट की पाखाडी?

पक्षाघातानंतर माणूस बोलू लागतो, हाताने जेवू लागतो, पण कधीकधी घरापासून देवळापर्यंतची रोजची वाटच त्याला सापडत नाही. रत्नागिरीकडच्या अशा रुग्णाला वाट शोधण्याचा सराव कुठे द्यायचा: डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटमध्ये, की गावातल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर?

व्हीआर हेडसेटची मोठी जमेची बाजू म्हणजे सुरक्षितता. आषाढात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तोल न सावरणाऱ्याला तिथे नेणं म्हणजे दुखण्यात दुखणं. हेडसेटमध्ये एकच वळण हवं तितक्या वेळा घेता येतं, खुणा कमी-जास्त करता येतात. काहींना मात्र मळमळतं.

पण खुर्चीत बसून ‘फिरताना’ पाय आणि तोल सांभाळणारा आतला कान मेंदूला फारसं काही कळवत नाहीत. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मृती आणि वाटा सांभाळणाऱ्या भागात) दाखवलेल्या स्थान-पेशी, म्हणजे ठरावीक जागी आल्यावर जाग्या होणाऱ्या पेशी, डोळ्यांबरोबरच चालण्याच्या जाणिवेचाही आधार घेतात. पाखाडीवर चढ पोटऱ्यांना कळतो, सुकत घातलेल्या मासळीचा वास वळण सांगतो, शेजारची काकू हाक मारते. हे हेडसेटला जमत नाही.

म्हणून पावसात हेडसेट चालेल. उघडीप मिळाली की घरच्यांपैकी कोणीतरी सोबत घेऊन, थेरपिस्टना विचारून, खरी वाटच धरावी. आणि खर्च एकाचाच झेपणार असेल, तर तो थेरपिस्टवर करावा, यंत्रावर नको.