प्रयोगशाळा की भिंत? रसायनशास्त्रातून सजावटी रंगकामाकडे वळण्यापूर्वी

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून काही वर्षे प्रयोगशाळेत काढल्यावर ज्यांना स्टेन्सिल, टेक्स्चर किंवा चुन्याच्या गिलाव्यावरील रंगकामाची ओढ वाटते, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. हा बदल मी स्वतः केला असल्यामुळे दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत.

पैशांचा हिशेब आधी करावा. जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची, शिष्यवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. ती कधी उशिरा आली तरी आकडा ठरलेला असतो. रंगकामात दर चौरस फुटावर ठरतो आणि दसरा-दिवाळीपूर्वी श्वास घ्यायला फुरसत नसते, तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींचे काम जवळजवळ थांबते. दर साहित्यासह आहे की केवळ मजुरीचा, हे आगाऊ रक्कम घेतानाच लिहून घ्यावे.

शिकलेले वाया जाईल, ही भीती मात्र मला निराधार वाटते. नव्या सिमेंटच्या गिलाव्याचा सामू (पीएच) 12 ते 13, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यावर घाईने तेलरंग दिला तर रंगातील तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि पोपडे सुटतात. पहिल्या वर्षी एका गॅलरीची भिंत मी अशीच बिघडवली आणि ती स्वखर्चाने खरवडून पुन्हा केली. तेव्हापासून भिंतीचा तळहाताएवढा भाग ओला करून त्यावर सामू-कागद दाबतो. तो गडद निळा झाला, तर ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी काम पुढे ढकलतो. ओल्या चुन्यावर गेरू आणि पिवळी माती टिकतात, प्रशियन निळा टिकत नाही, हे कारणासह सांगता आले की ग्राहकाचा विश्वास बसतो.

हाताचे कसब मात्र पदवीबरोबर येत नाही. वारलीतील त्रिकोणी माणसे सोपी वाटतात. पण गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषेने तारपा या वाद्याभोवतीचा नाचाचा फेर जिवंत करायला डहाणू-जव्हारकडच्या जाणत्या चित्रकारांजवळ बसून शिकावे लागते, आणि त्यांच्या कलेचे श्रेयही त्यांना द्यावे लागते.

शरीराचा प्रश्न दुर्लक्षिला जातो, म्हणून तो मुद्दाम मांडतो. प्रयोगशाळेत धूर ओढून घेणारे कपाट असते. परांचीवर मान वर करून लांबी (पुट्टी) घासताना नाकावरच्या मास्कशिवाय काही नसते. घरगुती रंगांतील शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते, त्यामुळे जुन्या घरांतील रंग कोरडा घासणे धोक्याचे ठरू शकते.

मार्गदर्शकाशी पटत नाही एवढ्याच कारणाने विज्ञान सोडू नये. प्रयोगशाळा बदलून पाहावी. दोन्ही गोष्टींची ओढ असेल, तर भित्तिचित्रांच्या जतनाचा तिसरा मार्ग आहे. लखनौची सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा 1976 पासून याच क्षेत्रात आहे, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देहरादून येथे मुख्यालय असलेल्या विज्ञान शाखेतही रसायनशास्त्रज्ञ लागतात.

राजीनामा देण्याआधी उन्हाळ्यात स्वतःच्या घराची पावसाचा मारा झेलणारी एक भिंत रंगवावी. गणपतीच्या सुमारास तिच्यावर लोणा (ओलीमुळे येणारा क्षारांचा पांढरा थर) आला आहे का ते पाहावे, आणि ती पुन्हा खरवडायची वेळ आली तर मनाला काय वाटते, तेही.