कारमध्ये ॲम्प-वूफर बसवताय? आधी वायर सोलून बघा

पुण्यातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मी माझ्या गाडीला ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि सब-वूफर (नुसत्या बेससाठीचा मोठा स्पीकर) बसवून घेतला. तिथे मला कसं गंडवलं ते लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून दुकानाचं नाव टाकत नाही.

ठरलं होतं ते असं. स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचा. दारातल्या स्पीकरसाठी चार चॅनेलचा ॲम्प, डिकीत बारा इंची वूफर आणि त्याला वेगळा मोनो ॲम्प. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार गेजची (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप) अस्सल तांब्याची वायर, आणि स्टिरिओच्या मागे कपलर, म्हणजे वायर न कापता जोड देणारा प्लग. "एकही वायर कापणार नाही दादा, वॉरंटीला धक्का लागायचा नाही," हे मालकाचे शब्द. एकूण 38 हजार, त्यात वायरिंग किट आणि कपलरचे 6 हजार. हे सगळं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं. पक्क्या बिलावर मात्र एकच ओळ आली, 'म्युझिक सिस्टिम सेट', आणि खाली रक्कम.

गाडी ताब्यात देताना दुकानातल्या पोराने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला. मागच्या काचा थरथरायला लागल्या. शेजारच्या दुकानातला माणूस बघायला बाहेर आला. असा डेमो ऐकून कोण नाही म्हणेल? पुढे कळलं की ॲम्पचा गेन शेवटपर्यंत पिळलेला होता आणि बेस बूस्टही फुल होता. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओतून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवून घ्यायला तो असतो. तो फुल ठेवला की आवाज फाटतो आणि वूफरची कॉइल तापत राहते.

त्यानंतर सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी उतरलेली. दुकानदार म्हणाला, "बॅटरी छोटी पडतेय, मोठी टाका," आणि लगेच भावही सांगितला. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून चूंऽऽ असा चढता आवाज यायचा, त्यावर त्याचं उत्तर होतं, "सगळ्याच गाड्यांना येतो." एका दुपारी गाडीत प्लास्टिक जळल्याचा वास आला तेव्हा मी त्याचा नाद सोडला आणि ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी नेली.

काकांनी स्टिरिओ बाहेर काढला. कपलर नव्हताच. कंपनीच्या वायरी मध्येच कापून, पीळ देऊन काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटत आली होती आणि बोटाला चिकटून तार धरत होती. ॲम्प चालू-बंद करणारी रिमोट वायर चावीवर चालणाऱ्या लाइनला लावायची सोडून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली, म्हणजे गाडी बंद असली तरी ॲम्प रात्रभर चालू. अर्थिंग सीटच्या बोल्टला, तेसुद्धा रंग न खरवडता. चूं आवाज तिथून येत होता.

मग काकांनी ती 'चार गेज' वायर कापली. बाहेरून करंगळीएवढी जाड, पण बहुतेक जाडी नुसत्या प्लास्टिकची. चार गेजमध्ये धातूचा छेद साधारण 21 चौरस मिलिमीटर असायला हवा, इथे कसाबसा आठ. काकांनी एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि आत पांढरी चकाकी दिसली. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, आणि इथे धातूचा छेदही अर्ध्यापेक्षा कमी. वायर तापणारच. फ्यूज कुठे, तर डिकीत ॲम्पजवळ. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला घासून वायर शॉर्ट झाली तर डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या गाडीत पत्र्याच्या भोकाला रबरी बूचसुद्धा नव्हतं. गाडी पेटली नाही हे नशीब.

ॲम्पच्या खोक्यावर '2000 वॅट' छापलंय. त्याच्या अंगावरचा फ्यूज 30 अँपिअरचा. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर आत जाणारी वीजच 414 वॅट. काही उष्णतेत जाणार, हाती लागणार फार तर सव्वातीनशे. खरे 2000 वॅट काढायला दीडशेहून जास्त अँपिअर लागतील, छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीज जनरेटर) तेवढे देतच नाही. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होणारं हे गणित आहे. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, 'आरएमएस', म्हणजे सलग मिळणारे खरे वॅट, किती ते विचारा.

एवढ्यात वूफरची कॉइल जळाली. "फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही," असं मालक म्हणाला. गेन तुमच्याच पोराने ठेवला होता म्हटल्यावर "तुम्ही जोरात वाजवलं असेल" हे उत्तर. त्या एकोळी बिलाचा उपयोगही तेव्हाच उमगला. कुठला ॲम्प, कुठली वायर, कागदावर काहीच नाही. शिवाय बाहेरून बसवलेली अशी इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी विम्यात वेगळी दाखवून जादा प्रीमियम भरावा लागतो, आणि वस्तूचा तपशील नसलेलं बिल विमा कंपनीपुढे ठेवणार तरी कसं?

व्हॉट्सॲपवरचं कोटेशन मात्र कामी आलं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. वायर बदलण्याआधी काकांनी प्रत्येक जोडाचे फोटो काढायला लावले आणि कापलेला तुकडा जपून ठेवायला सांगितला. नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला, "साहेब, नवीन वायर टाकून देतो, मागे घ्या ना." दादाचा साहेब झालो! वायर मी आधीच काकांकडून बदलून घेतलीय, त्यामुळे 6 हजार, वूफरची किंमत आणि कापलेल्या हार्नेसचा (कंपनीच्या वायरींच्या जुडग्याचा) खर्च रोख द्या, असं त्याला लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.