श्रिम्पच्या छोट्या टाकीला स्पंज फिल्टर की हँग-ऑन?

मिरजेच्या मावसभावाने श्रिम्पसाठी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शोभेच्या कोळंबीसाठी, दीड फुटी टाकी घेतलीय, तळाला माती घातली, दगडाला जावा मॉस बांधलं, कोपऱ्यात व्हॅलिसनेरिया लावलं, आणि आता फिल्टरवर येऊन अडलाय. दुकानदार म्हणतो हँग-ऑन (काचेवर टांगायचा, पंखा असलेला डबा) घ्या, पाणी काचेसारखं राहतं, मित्र म्हणतो श्रिम्पला स्पंजच (टाकीत ठेवायचा, एअर पंपाच्या बुडबुड्यांवर चालणारा) पाहिजे. दोन्ही माझ्याकडे वापरून झालेत त्यामुळे आठवडाभर रोज त्याचा फोन. त्याला तुकड्या-तुकड्यात जे सांगितलं ते एकदा सलग लिहून काढतो. टाकी सायकल होऊ देणं (घाण पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत थांबणं), पाण्यातलं क्लोरीन घालवणं, तांबं असलेली औषधं टाकीच्या आसपास येऊ न देणं हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

माझी टाकी पण दीड फुटीच, साधारण ४० लिटर पाणी बसतं. आत चेरी श्रिम्प. २०१८ च्या दिवाळीनंतर पुण्याहून २० आणले होते. पाणी आमच्या बोअरचं, सांगलीत विश्रामबागेत बोअर म्हणजे कसलं कडक पाणी ते इथल्या लोकांना माहीत आहे, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ६०० च्या वर दाखवतो, म्हणून आरओचं पाणी मिसळून २५० च्या आसपास आणतो. चेरीला हे छान मानवतं. क्रिस्टल वगैरे मऊ पाण्यातले श्रिम्प ठेवायचे असतील तर गणित वेगळं, पण फिल्टरचा प्रश्न तिथेही हाच.

आता दिसण्याचं बोलू, कारण छोटी टाकी माणूस डोळ्यांसाठीच लावतो. इथे हँग-ऑन सरळ पुढे आहे. मागे काचेवर टांगला की आत फक्त एक नळी दिसते, बाकी सगळी जागा झाडांना. स्पंज म्हणजे टाकीत एक काळा गठ्ठा, वर बुडबुड्यांची नळी, आणि ४० लिटरमध्ये तो लपवायला जागा कुठली. मी तो मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, पुढे व्हॅलिसनेरिया वाढवलं, स्पंजवरच मॉसचे दोन-चार तुरे दोऱ्याने गुंडाळले. तीन महिन्यांत बराचसा झाकला गेला. पण पहिले तीन महिने तो नजरेला टोचतो हे खरं.

आवाजाचं दोघांचंही थोडं थोडं आहे. एअर पंप घरघरतो, जाड फडक्याची घडी खाली घातली की निम्मा आवाज कमी होतो, तरी झोपायच्या खोलीत टाकी असेल तर विचार करा. हँग-ऑन एरवी गप्प असतो, पण पाण्याची पातळी दोन बोटं खाली गेली की वरून धार पडायला लागते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दोन बोटं खाली जायला चार दिवस पुष्कळ झाले.

पाणी स्वच्छ कोण ठेवतं? हँग-ऑनच. तरंगणारा कचरा तो ओढून घेतो, आत लोकर घाला, कार्बन घाला, काय हवं ते घाला. गप्पी-मॉली असते तर मी पुढे बोललोच नसतो. पण २०-३० श्रिम्पचा कचरा असतो किती? त्यांना पाणी काचेसारखं दिसण्याशी घेणंदेणं नाही, त्यांना पाहिजे जुनं, मुरलेलं पाणी आणि प्रत्येक वस्तूवर तो बुळबुळीत थर, जो ते दिवसभर चिमट्यासारख्या पायांनी खरवडून खात असतात. स्पंजवर हा थर भरपूर बसतो. रात्री अकराला लाईट बंद करून टॉर्च मारून बघा, स्पंजवर पंधरा-वीस जण बसलेले दिसतील, एकेक छिद्र तपासत, हात तोंडाकडे, परत छिद्राकडे. मी हे बघत कितीतरी वेळ टाकीसमोर बसतो.

मग पिल्लं. मादी पोटाखाली २०-३० अंडी महिनाभर बाळगते आणि मग जे बाहेर येतं ते अगदी मोठ्यासारखंच दिसतं, फक्त जेमतेम २ मिलिमीटरचं. हँग-ऑनच्या नळीच्या फटी याहून मोठ्या असतात. उपाय सगळ्यांना माहीत आहे, नळीच्या तोंडावर स्पंजचं टोपण बसवायचं. मी पण बसवलं. पण टोपण आठवड्यात चोंदतं, धार बारीक होते, काढून धुवावं लागतं, आणि धुवायला काढलं की तेवढ्या दोन मिनिटांत कोणीतरी आत जातंच, पंप बंद करायचा विसरलात तर संपलंच. एकदा फिल्टरचा डबा साफ करायला उघडला तर आत अकरा पिल्लं, जिवंत, मजेत कचरा खात बसलेली. पांढऱ्या चमच्यात एकेक घेऊन परत टाकीत सोडली, अर्धा तास लागला. ती अकरा वाचली, पण फिल्टरच्या पंख्यातून जाताना किती गेली असतील त्याचा हिशोब कुठे आहे. स्पंजमध्ये हा विषयच येत नाही.

तरीसुद्धा मी हँग-ऑन सोडला तो या कारणाने नाही. टोपण धुवायला माझी ना नव्हती. सोडला तो लाईटमुळे.

हँग-ऑनचं काम कसं चालतं बघा, डबा काचेवर, पाण्याच्या वर. नळी आणि डबा पाण्याने भरलेला असेल तरच पंखा पाणी ओढतो. लाईट गेली की नळीतलं पाणी हळूहळू टाकीच्या पातळीला उतरतं. लाईट आली की पंखा फिरायला लागतो, पण हवेत. मग नुसती गुणगुण. तुम्ही जाऊन डब्यात मगभर पाणी ओतलं की घरघर करून हवा बाहेर टाकतो आणि धार सुरू. पातळी पूर्ण वरपर्यंत असेल तर कधी कधी आपोआप पण सुरू होतो, पण कधी कधी हा शब्दच घातक आहे. आणि वळवाच्या दिवसांत आपल्याकडे लाईट कशी जाते? संध्याकाळी वारं सुटलं, ढग आले, गेली. दहा मिनिटांनी आली, परत गेली. रात्री दोनला परत. २०१९ च्या त्या सगळ्या मे महिन्यात छताचा पंखा बंद पडून जाग आली की मी झोपायचो नाही, लाईट यायची वाट बघायचो, आली की उठून पाण्याचा मग घेऊन टाकीपाशी. एका रात्रीत तीनदा उठलोय. सकाळी ऑफिसला जायचं असतं हो.

त्याच महिन्यात साताऱ्याला लग्न होतं, दोन दिवस सगळे गेलो. पहिल्या रात्रीच इथे पाऊस झाला आणि लाईट गेली, किती वेळ ते माहीत नाही, शेजारच्या वहिनी म्हणाल्या तास-दोन तास. आम्ही परत आलो तेव्हा कुलूप काढतानाच गुणगुण ऐकू आली. टाकीवर तेलकट तवंग, आणि सगळे श्रिम्प वर, पाण्याच्या कडेला काचेला चिकटून, मॉसच्या वरच्या टोकावर गर्दी करून. श्रिम्प असे वर आले की समजायचं बहुतेक खाली प्राणवायू कमी पडलाय. नऊ मेलेले, त्यात अंडी धरलेल्या दोन माद्या. घाईत मी आणखी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. डब्यात पाणी ओतून फिल्टर तसाच चालू केला. दीड-दोन दिवस डब्यात साचलेलं पाणी, आतले चांगले जिवाणू प्राणवायूवाचून मेलेले, सडका वास, आणि ते सगळं एका धारेत टाकीत. दुसऱ्या दिवशी आणखी चार गेले. फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर आधी डबा काढून रिकामा करा, आतला स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळा, मगच चालू करा.

जूनमध्ये स्पंज आणला. लाईट गेली की बुडबुडे थांबतात, आली की सुरू, माझी गरज नाही. आणि स्पंज उघड्या पाण्यात असतो, डब्यात कोंडलेला नसतो, त्यामुळे दोन-चार तास बंद राहिला तरी आतले जिवाणू टिकतात असा माझा अनुभव आहे. बुडबुड्यांनी वरचं पाणी सारखं हलतं, तवंग धरत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी ३० अंशांकडे जातं तेव्हा हेच हलणं उपयोगी पडतं कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. सोबत एका छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर सोडला की दोन-तीन अंश उतरतात, फक्त उडालेलं पाणी आरओनेच भरा, बोअरने भरलं तर क्षार साठत जातात.

स्पंजची खरी परीक्षा त्याच वर्षी ऑगस्टमधल्या महापुरात झाली. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, जिथे ४५ ला धोका म्हणतात. आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, पण लाईट नव्हती, आणि मारुती चौकातले काका-काकू नातवंडांसकट आमच्याकडे राहायला आलेले. अशा वेळी टाकीकडे बघायची लाज वाटत होती खरं तर. पण माझ्याकडे मासेमारीवाले वापरतात तो दोन मोठ्या सेलवरचा एअर पंप होता, स्पंजची नळी त्याला जोडली, सेल पुरावेत म्हणून तीन तासांनी एक तास चालवायचो. ते काम काकांच्या धाकट्या नातीने स्वतःकडे घेतलं. घड्याळ बघून बटण दाबायची आणि टॉर्चने श्रिम्प मोजत बसायची. त्या दिवसांत एकही मेलेला दिसला नाही. हँग-ऑनला सेलवर चालवायची अशी सोय मला तरी सापडली नाही. आता यूएसबीवर चालणारे पंप मिळतात, पॉवर बँकवर आरामात चालतात.

स्पंजचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात जाऊ शकतं, म्हणून नळीत नॉन-रिटर्न वॉल्व घालाच, किंवा पंप वर शेल्फवर ठेवा. महिन्या-दीड महिन्याने स्पंज पिळावा लागतो, तो बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, नळाखाली नाही. वर उचलताना मळ सुटतो म्हणून मी प्लास्टिकची पिशवी आत घालून त्यातूनच काढतो. आणि तुम्ही झाडांसाठी सिलिंडर लावून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देणार असाल, लाल झाडं, गवताचा गालिचा वगैरे, तर बुडबुडे तो वायू उडवून लावतात, तिथे हँग-ऑन बरा. मॉस, अनुबियास, बुसेफलँड्रा एवढीच झाडं असतील तर सीओटू लागत नाही.

तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल, टाकीत मासेही असतील, झाडांची हौस जास्त असेल, तर हँग-ऑनला मी नाही म्हणणार नाही, नळीवर बारीक स्पंज आणि पाणी कायम काठोकाठ एवढं सांभाळा. फक्त श्रिम्प आणि घरी इन्व्हर्टर नाही, असं असेल तर मी तरी स्पंजच घेईन. मला स्पंज, पंप, वॉल्व सगळं मिळून हँग-ऑनच्या निम्म्या पैशात बसलं होतं.

भावाला मी शनिवारी बोलावलंय. माझ्या टाकीत एक जादा स्पंज मी नेहमीच पडून ठेवतो, जिवाणूंनी भरलेला, तो ओल्या पिशवीत घालून देणार, म्हणजे त्याची टाकी लवकर मुरेल. सोबत गल्लीतल्या देशी बदामाची चार वाळलेली पानंही, श्रिम्प त्यावर तुटून पडतात. जुना हँग-ऑन ऑफिसमधल्या एका मित्राच्या गप्पींच्या टाकीला लागलाय, त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि तिथलं पाणी खरंच काचेसारखं आहे.